थेंबांचा हिशेब : मच्छीमार नौकेच्या शाफ्टची गळती आणि ग्लँडची निगा

१ जून ते ३१ जुलै हा पश्चिम किनाऱ्यावरील मासेमारीबंदीचा काळ. सातपाटी-वसईपासून हर्णै, रत्नागिरी, मालवणपर्यंतच्या यांत्रिक नौका त्याआधी किनाऱ्यावर ओढल्या जातात किंवा खाडीच्या आश्रयाला आणून बांधल्या जातात. त्या शाकारल्या जातात, जाळी घरी येतात, इंजिनाचे तेल बदलले जाते, तळाला रंग लागतो. या लगबगीत इंजिनाच्या मागे, तेलकट अंधारात बसलेला एक लहानसा भाग बहुधा नजरेतून सुटतो. त्याचे नाव ग्लँड. भर हंगामात, किनारा दिसेनासा झाल्यावर, इंजिनखोलीत उतरलेल्या खलाशाच्या घोट्याला पाणी लागते तेव्हाच त्याची आठवण होते. खरे तर ग्लँडची दोरी बदलण्यासाठी बंदीच्या या दोन महिन्यांइतका सोयीचा काळ वर्षात दुसरा नाही.

शिडाच्या होडीला पाण्याखाली भोक नसे. फळ्यांच्या सांध्यांतून काय झिरपेल तेवढेच पाणी आत येई. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत मासेमारीचे यांत्रिकीकरण सुरू झाले, केरळात १९५२ च्या करारानुसार इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प उभा राहिला, १९५७ मध्ये कोचीन येथे केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेची स्थापना झाली आणि मुंबई इलाख्यातील कोळ्यांच्या पारंपरिक बांधणीच्या होड्यांतही डिझेल इंजिने बसू लागली. इंजिन आत आणि पंखा, म्हणजे प्रोपेलर, बाहेर पाण्यात. त्यांना जोडणारा शाफ्ट नौकेच्या पिछाडीतून आरपार न्यावा लागतो. त्यासाठी पिछाडीच्या लाकडात भोक पाडून स्टर्न ट्यूब नावाची नळी बसवतात. फिरणारा शाफ्ट आणि स्थिर नळी यांच्यात फट राहणे अपरिहार्य आहे. त्या फटीतून समुद्र आत येऊ नये, यासाठी नळीच्या आतील टोकाला एक पेटी असते. पेटीत शाफ्टभोवती चौकोनी काटछेदाच्या दोरीची तीन-चार कडी बसवलेली असतात आणि बाहेरून एक कॉलर दोन बोल्टांच्या साहाय्याने ती कडी दाबून धरतो. ही सारी जोडणी म्हणजेच ग्लँड.

पारंपरिक दोरी जवसाच्या धाग्याची, चरबीत मुरवलेली असे. जवस हे विदर्भातील आणि झाशीच्या आसपासच्या बुंदेलखंडातील शेतकऱ्याच्या ओळखीचे रब्बी पीक. मात्र आपल्याकडे ते तेलासाठी घेतले जाते. धाग्याच्या जाती उंच व कमी फांद्यांच्या असतात. या धाग्याचा गुण असा की तो ओला झाला की फुगतो आणि सागरी पाण्यात लवकर कुजत नाही. आज बाजारात टेफ्लॉन मुरवलेली कृत्रिम धाग्याची दोरी सर्रास मिळते. ती महाग असली तरी शाफ्टवर कमी घासते आणि अधिक काळ टिकते. निव्वळ ग्रॅफाइटची काळी दोरी गरम पाण्याच्या वा वाफेच्या यंत्रांसाठी उत्तम असली, तरी खाऱ्या पाण्यात ती धातूच्या शाफ्टला गंजवू शकते. ग्रॅफाइट आणि धातू यांच्यामध्ये खारे पाणी आले की विद्युतघटासारखी क्रिया सुरू होते आणि झिजतो तो धातू. नौकेसाठी ती टाळावी.

किती गळावे?

ग्लँडबाबतचा सर्वांत घातक समज म्हणजे तो पूर्ण कोरडा असला पाहिजे, हा. दोरीचा ग्लँड इंजिन चालू असताना थोडा गळलाच पाहिजे. हे पाणीच दोरी आणि शाफ्ट यांच्यातील वंगण आणि त्यांना थंड ठेवणारे द्रव्य असते. शाफ्ट फिरत असताना मिनिटाला दोन-तीन थेंब आणि शाफ्ट थांबल्यावर जवळजवळ काहीच नाही, हे जवसाच्या दोरीचे निरोगी लक्षण होय. टेफ्लॉनच्या दोरीला याहून कमी पुरते.

मिलिलिटरमागे वीस थेंब धरले, तर मिनिटाला तीन थेंब म्हणजे तासाला नऊ मिलिलिटर. चोवीस तास इंजिन चालले तरी पाव लिटरच्या आतच. सेकंदाला एक थेंब पडू लागला की दिवसाला सव्वाचार लिटर होतात. तेही बुडवणारे पाणी नव्हे, पण दोरी किंवा शाफ्ट कुरकुरू लागल्याची ती पहिली वर्दी आहे. थेंबांची धार झाली आणि मिनिटाला अर्धा लिटर पाणी येऊ लागले, तर दिवसाला ७२० लिटर, म्हणजे सुमारे पाऊण टन पाणी नौकेच्या तळात साचते. आणि दोरी पूर्णच निघून गेली तर? ५० मिलिमीटर व्यासाच्या शाफ्टभोवती दोन मिलिमीटरची मोकळी फट पाण्याखाली एक मीटर खोलीवर असेल, तर कागदावरच्या गणिताने मिनिटाला सुमारे ५० लिटर पाणी आत येते. मागील बेअरिंगच्या अडथळ्यामुळे प्रत्यक्षातील आकडा काहीसा कमी राहील. पण तासाला दोन-तीन टन पाण्याशी बॅटरीवर चालणारा लहान पंप फार काळ झुंजू शकत नाही.

उलट टोक तितकेच महाग पडते. गळती दिसली की पाना घेऊन बोल्ट आवळायचा, पुन्हा गळली की पुन्हा आवळायचा, असे करत गेल्यास दोरीतील चरबी पिळून निघते, कडी कोरडी व कडक होतात आणि शाफ्टवर खोबणी कोरतात. एकदा खोबणी पडली की नवी दोरीही त्या शाफ्टवर नीट बसत नाही. त्याखेरीज कोरड्या घर्षणात इंजिनाची शक्ती, म्हणजेच डिझेल, वाया जाते ते वेगळेच. यावर सोपी कसोटी आहे. अर्धा-एक तास इंजिन चालवून ते बंद करावे, शाफ्ट थांबल्याची खात्री करावी आणि ग्लँडच्या पेटीला हात लावावा. पेटी कोमट असेल तर ठीक. हात ठेवता येत नसेल तर ग्लँड अति आवळलेला आहे. शाफ्ट फिरत असताना हात, बाही वा टॉवेल त्याच्या जवळ नेऊ नये. एवढी गोष्ट नव्या खलाशाला पहिल्याच दिवशी सांगितली गेली पाहिजे.

दोष दोरीचा की शाफ्टचा?

दरवर्षी दोरी बदलूनही महिन्याभरात गळती परत येत असेल, तर दोष दोरीचा नसतो. दोरी सरळ आणि गुळगुळीत फिरणारा शाफ्ट अडवू शकते. डोलणाऱ्या शाफ्टपुढे तिचे काही चालत नाही. म्हणून दोरीला हात घालण्यापूर्वी शाफ्टची तपासणी करावी, आणि ती नौका कोरड्यावर असतानाच नीट होते.

प्रथम पंख्याकडील टोक दोन्ही हातांनी धरून वर-खाली आणि डावीकडे-उजवीकडे हलवून पाहावे. शाफ्ट बेअरिंगमध्ये डोळ्यांना दिसेल इतका हलत असेल, तर मागील बुश किंवा रबरी बेअरिंग झिजलेले आहे. वाळू आणि गाळाच्या पाण्यात, विशेषतः खाड्यांच्या मुखाशी ये-जा करणाऱ्या नौकांत, ही झीज लवकर होते. त्यानंतर पंख्याची पाती पाहावीत. एखादे पाते वाकलेले वा तुटलेले असेल तर पंख्याचा तोल बिघडतो आणि त्याचा मार थेट ग्लँडवर बसतो. हंगामात पंख्याला जाळे किंवा दोर गुंडाळला गेला असेल तर शाफ्ट वाकला असण्याची शंका घ्यावी. शाफ्ट हाताने सावकाश फिरवून, शेजारी एक स्थिर खूण धरून, तो कोठे जवळ येतो व कोठे दूर जातो हे पाहिले तरी मोठा बाक लक्षात येतो. बारीक बाकासाठी डायल गेज लागते. नायलॉनच्या तंगुसाचे तुकडे शाफ्टला गुंडाळून बेअरिंगच्या तोंडाशी घुसलेले अनेकदा सापडतात. ते पूर्णपणे काढावेत.

शाफ्टच्या पृष्ठभागाचे परीक्षण जुनी दोरी काढल्यावरच करता येते. नख आडवे फिरवले असता अडकत असेल तर खोबणी खोल आहे. अशा वेळी शाफ्ट लेथवर दुरुस्त करून घेणे किंवा बदलणे हाच उपाय. शक्य असेल तेथे दोरीची जागा किंचित पुढे-मागे करून शाफ्टच्या न झिजलेल्या भागावर ती बसवता येते. स्टेनलेस स्टीलच्या शाफ्टवर दोरीखाली बारीक टोचल्यासारखे खड्डे दिसतात, त्यांचे कारण वेगळे आहे. स्टेनलेस स्टीलवरील संरक्षक थर टिकण्यासाठी प्राणवायू लागतो. नौका आठवडेच्या आठवडे पाण्यात नुसती बांधलेली असली की दोरीखालचे पाणी हलत नाही, त्यातील प्राणवायू संपतो आणि तेथेच धातू खाल्ला जातो. बंदीच्या काळात खाडीत उभ्या असलेल्या नौकेचा शाफ्ट म्हणूनच अधूनमधून फिरवावा. शाफ्टवर जस्ताचा संरक्षक तुकडा बसवलेला असल्यास तो अर्ध्याहून अधिक झिजला की बदलावा. त्याला कधीही रंग लावू नये.

लाकडी नौकांबाबत एक वेगळी दिशाभूल होते. दोन महिने कोरड्यावर राहिलेल्या फळ्या आकसतात. नौका पुन्हा पाण्यात गेल्यावर त्या फुगून सांधे मिटेपर्यंत काही दिवस पाणी येतेच. हे पाणी ग्लँडचे समजून ग्लँड आवळला जातो. तळ एकदा पुसून कोरडा करावा, ग्लँडखाली रिकामा डबा ठेवावा आणि तासाभराने डब्यात किती व डब्याबाहेर किती पाणी साचले ते पाहावे. दोन गळत्या आपोआप वेगळ्या दिसतात.

दोरी बदलताना

काम नौका कोरड्यावर असताना करावे. इंजिनाची चावी तांडेलाने स्वतःजवळ ठेवावी. कॉलरचे नट सोडवून कॉलर शाफ्टवर मागे सरकवला की दोरीचे शेवटचे कडे दिसते. ती काढण्यासाठी लवचीक दांड्याचा, टोकाला मळसूत्र असलेला आकडा मिळतो. तो मऊ दोरीत फिरवून कडे ओढून काढतात. छिन्नी आणि पेचकस यांनी दोरी निघते खरी, पण शाफ्टवर ओरखडाही राहतो. सर्वांत आतले कडे पुष्कळदा दगडासारखे घट्ट झालेले असते आणि तेच आळसाने आत सोडले जाते. एकही जुने कडे आत राहता कामा नये. किती कडी निघाली ते मोजावे. काही पेट्यांत कड्यांच्या मध्ये धातूची छिद्रे असलेली एक चकती असते. ती ग्रीसच्या निपलासमोर येते. ती कोणत्या क्रमांकाच्या कड्यानंतर होती हे लिहून ठेवले नाही, तर नव्या जोडणीत ग्रीसची वाट बंद होते. जुन्या दोरीत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. म्हणून ती कोरडी घासू नये, तिची धूळ फुंकून उडवू नये. ती ओली ठेवूनच काढावी.

दोरीचे माप जुन्या तुकड्यावरून घेऊ नये. तो चेपलेला असतो. पेटीच्या आतील व्यासातून शाफ्टचा व्यास वजा करून येणाऱ्या संख्येची निम्मी, हे खरे माप. पेटी ७० मिलिमीटर आणि शाफ्ट ५० मिलिमीटर असेल तर दोरी १० मिलिमीटरची. मोठी दोरी हातोडीने ठोकून बसवणे किंवा बारीक दोरी सैल भरणे, दोन्ही चुकीचे. शाफ्टच्याच व्यासाच्या नळीवर किंवा लाकडी दांडक्यावर दोरी स्प्रिंगसारखी गुंडाळून धारदार पात्याने कापल्यास सर्व कडी सारख्या लांबीची होतात. काप तिरपा, ४५ अंशांचा असला तर दोन्ही टोके एकमेकांवर नीट बसतात. एकच लांब दोरी शाफ्टभोवती गुंडाळत जाण्याची रीत काही ठिकाणी दिसते. तिच्यात पाण्याला मळसूत्राच्या वाटेने आत येण्याचा रस्ता मिळतो आणि दाबही सारखा बसत नाही.

प्रत्येक कड्याला पाण्यात न धुपणारे ग्रीस लावून ते एकेक करून बसवावे आणि दोन भागांत चिरलेल्या नळीच्या साहाय्याने तळापर्यंत सारावे. सगळी कडी एकदम भरून कॉलरने दाबल्यास बाहेरचे कडे चेपते आणि आतली सैलच राहतात. एका कड्याचा सांधा वर आला तर पुढच्याचा बाजूला, त्यापुढच्याचा खाली यावा, म्हणजे पाण्याला सरळ वाट मिळत नाही. शेवटी कॉलर बसवून नट प्रथम केवळ हाताने घट्ट करावेत. दोन्ही नट सारखेच आवळावेत. कॉलर तिरपा झाला तर त्याची धार शाफ्टला घासते.

फायबरच्या बऱ्याच नौकांत ही पेटी स्टर्न ट्यूबला रबरी होजने जोडलेली असते. दोरी नवी आणि होज तडकलेला, अशी नौका पाण्यात उतरवण्यात अर्थ नाही. होज वाकवून भेगा पाहाव्यात आणि दोन्ही टोकांना स्टेनलेस स्टीलच्या दोन-दोन पट्ट्या आवळाव्यात.

खरे जुळवणीचे काम नौका पाण्यात उतरल्यावर होते. पहिल्या तासाला ग्लँडला सढळ गळू द्यावे. मग इंजिन थांबवून नट एकेका पैलूइतका, म्हणजे फेऱ्याचा सहावा भाग आवळावा, इंजिन पुन्हा चालवावे, दहा-पंधरा मिनिटांनी थेंब मोजावेत आणि पेटीची उष्णता पाहावी. दोन-तीन वेळा असे करून अपेक्षित थेंब आले की वरचे लॉकनट घट्ट करावेत. एकाच दमात थेंब बंद करण्याची घाई केली तर नवी दोरी पहिल्याच दिवशी जळते. इंजिन आणि शाफ्ट यांची सरळ रेषाही पाण्यातच तपासावी, कारण कोरड्यावर टेकूंवर उभ्या नौकेचा सांगाडा किंचित वेगळा बसलेला असतो. कपलिंगचे बोल्ट सोडवून दोन तबकड्यांमधील फट फीलर गेजने चार बाजूंनी मोजावी. तबकडीच्या व्यासाच्या दर १०० मिलिमीटरमागे ०.१ मिलिमीटर एवढा फरक चालतो; १५० मिलिमीटरच्या तबकडीला ०.१५ मिलिमीटर. याहून अधिक फरक असल्यास इंजिनाच्या पायांखालील पट्ट्या कमी-अधिक कराव्या लागतात. हे काम अनुभवी मेकॅनिककडून करून घ्यावे.

न गळणारे सील

अलीकडे दोरीऐवजी रबरी ओठांचे सील किंवा कार्बनची कडी स्टेनलेस स्टीलच्या चकतीवर टेकवणारे सील मिळतात. ती एक थेंबही गळत नाहीत, तळ कोरडा राहतो, शाफ्टही झिजत नाही. पण त्यांना आतून पाण्याचा पुरवठा सतत लागतो. सीलच्या पोकळीत हवा अडकली तर ते कोरडे फिरून काही मिनिटांत निकामी होते. त्यासाठी नौका पाण्यात उतरताच हवा काढून टाकणे आवश्यक असते. रबराची घडी जुनी झाली की बदलावीच लागते आणि त्यासाठी कपलिंग सोडवून शाफ्ट मागे सरकवावा लागतो. म्हणजे नौका किनाऱ्यावर ओढणे आले. काही जोडण्यांत एक जादा सील आधीच शाफ्टवर चढवून ठेवण्याची सोय असते. ती असल्यास जरूर वापरावी.

मुख्य फरक बिघाडाच्या रीतीत आहे. दोरी हळूहळू बिघडते आणि थेंबांनी सांगत राहते. फेस सील पुष्कळदा अगोदर काही न सांगता बिघडते. गाळाच्या पाण्यात फिरणाऱ्या, जाळ्यांचे दोर पंख्यात येणाऱ्या आणि दुरुस्तीच्या सोयी मोजक्याच असलेल्या बंदरांतील मच्छीमार नौकेसाठी नीट राखलेला दोरीचा ग्लँड हाच आज अधिक भरवशाचा म्हणावा लागेल. पर्यटक नौकेचे गणित निराळे असू शकते.

समुद्रात असताना दोरी निकामी झालीच, तर प्रथम इंजिनाचा वेग कमी करावा आणि नट थोडे आवळून पाहावेत. आवळायला जागाच उरली नसेल तर इंजिन थांबवून कॉलर मागे घ्यावा आणि जुन्या दोरीवर ग्रीस लावलेले एक नवे कडे बसवावे. ही डागडुजी बंदर गाठण्यापुरतीच. पाणी धारेने येत असेल तर शाफ्ट थांबवून, फटीभोवती ग्रीस माखलेले कापड आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळावी, पंप चालू ठेवावा आणि सोबतच्या नौकेला ओढून नेण्यास बोलवावे. त्या अवस्थेत इंजिन चालवू नये. यासाठी योग्य मापाच्या दोरीचे मीटरभर वेटोळे, आकडा, दोन पाने आणि ग्रीसचा डबा नौकेवर कायम असावा. हा सगळा खर्च एका फेरीच्या बर्फापेक्षाही कमी आहे.

तळात साचणाऱ्या पाण्याचा एक परिणाम बंदराच्या पाण्यावरही होतो. इंजिनाखालचे पाणी डिझेल आणि वंगणतेलाने माखलेले असते. ते पंपाने खाडीत सोडले की तेलाचा तवंग कालवे आणि तिसऱ्यांच्या पट्ट्यांवर पोहोचतो, आणि त्यावर उदरनिर्वाह करणाऱ्या बायका बहुधा त्याच कोळीवाड्यातील असतात. ग्लँड जितका कमी गळेल तितके हे तेलकट पाणी कमी निर्माण होते. ग्लँडखाली स्वतंत्र पन्हळ ठेवून त्याचे स्वच्छ पाणी इंजिनाखालच्या तेलापासून वेगळे राखणे, हा स्वस्त आणि फारसा न वापरला जाणारा उपाय आहे. इंजिनखोलीला लागून बर्फाचा कप्पा असलेल्या नौकांत तर तळातील पाणी मासळीपर्यंत पोहोचण्याचा धोकाही असतो.

किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्या शेतकऱ्यालाही ही रचना अनोळखी नाही. विहिरीवरच्या किंवा नदीकाठच्या सेंट्रिफ्यूगल पंपाच्या शाफ्टवर हीच ग्लँड दोरी असते. कड्यांचे माप, तिरपा काप, सांध्यांची फेरपालट, थेंबांची कसोटी, सारे तेच. फरक एवढाच की पाण्याची उचल खोल असेल तेव्हा सैल ग्लँडमधून पाणी बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते आणि पंप पाणी सोडतो. तेथे फूट व्हॉल्व्हला दोष देण्यापूर्वी ग्लँड पाहावा.

मत्स्यव्यवसायाच्या विस्तार कार्यकर्त्यांना मे महिन्यात या विषयावर अर्ध्या दिवसाचे प्रात्यक्षिक सहज घेता येईल. एक टाकाऊ शाफ्टचा तुकडा, एक जुनी पेटी आणि तीन प्रकारच्या दोऱ्या एवढे साहित्य पुरते. कडी कापून बसवण्याचे काम प्रत्येक तांडेलाच्या हातून करवून घ्यावे. नुसते पाहून हात बसत नाही. इंजिनखोलीच्या भिंतीवर एक कार्ड चिकटवावे. त्यावर शाफ्टचा व्यास, दोरीचे माप, कड्यांची संख्या, दोरी बदलल्याची तारीख आणि दर पंधरवड्याला मिनिटाला मोजलेले थेंब लिहावेत. थेंबांचा आकडा तीनवरून पाचावर, पाचावरून बारावर जाताना कार्डावर दिसला, की पुढील उधाणाला नौका कधी ओढायची हे तांडेल शांतपणे किनाऱ्यावर ठरवू शकतो. नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या फेरीत मात्र हा आकडा रोज लिहावा, कारण नवी दोरी बसायला आणि लाकडी नौकेच्या फळ्या फुगायला तोच आठवडा लागतो.